कोंडवाड्यातलं गुप्त मंडळ

"सगळं बोललात मास्तर, नावं तेवढी गिळलीत!"

व्याख्यान संपवून मी व्यासपीठावरून उतरत होतो, तर तात्या आष्टेकरांनी पायरीवरच माझा दंड धरला. तात्या म्हणजे 'करंजवाणी' या गावच्या साप्ताहिकाचे मालक, संपादक आणि बहुतेक अंकांचे एकमेव लेखक.

"कुणाची नावं?" मी विचारलं.

"ऐका!" तात्या मागच्या लोकांकडे वळले. "कुणाची नावं, असं विचारतायत!" आणि आठदहा माणसं अगदी समजूतदारपणे हसली.

सदुसष्ट सालचा एप्रिल होता. करंजपूरच्या वसंत व्याख्यानमालेला पुण्याचे वक्ते ऐनवेळी आले नाहीत, म्हणून हायस्कूलात इतिहास शिकवणाऱ्या मला उभं केलं होतं. विषय मी निवडला तो 'अमेरिकेच्या बाल्यावस्थेतील गुप्त मंडळांची भीती'. इतक्या लांबचा विषय घेण्याचं कारण सरळ होतं. माझी नोकरी तात्पुरती होती आणि गावात नगरपालिकेच्या निवडणुकीची धामधूम चालली होती. कुणाच्या शेपटीवर पाय पडायला नको, म्हणून मी दीडशे वर्षं मागे आणि सात समुद्रांपलीकडे जाऊन उभा राहिलो होतो.

सांगितलं तेही इतिहासाला धरून. अठराशे सव्वीस साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका लहान गावात एका माणसानं जाहीर केलं, की फ्रीमेसन नावाच्या मंडळाची गुपितं मी पुस्तक छापून फोडणार. थोड्याच दिवसांत त्याला पळवून नेलं आणि पुढे तो कुणाला दिसला नाही. मग लोकांना जिकडेतिकडे मेसन दिसू लागले. न्यायाधीश त्यांचा, शेरीफ त्यांचा, ज्यूरीतले पंचही त्यांचेच. शेवटी त्या मंडळाविरुद्ध आख्खा राजकीय पक्ष निघाला, आणि त्या पक्षानं राष्ट्राध्यक्षपदाला उभा केलेला उमेदवार स्वतः एके काळी मेसन होता. हे सगळं मी नावांशिवाय सांगितलं. नावं गाळली, कारण त्यांतली निम्मी मला धड उच्चारता येत नव्हती.

इथेच मी फसलो. करंजपुरात सरळ बोलायची चालच नव्हती. कीर्तनकारानं रावणाचं आख्यान लावलं, की श्रोते एकमेकांना विचारायचे, "रावण म्हणजे पाणी कमिटीचा चेअरमन ना?" लेकी बोले सुने लागे ही इतर गावांत म्हण असेल, इथे ती बोलायची रीत होती. मी अमेरिका म्हटलं आणि गावानं करंजपूर ऐकलं.

त्यात योग असा, की तात्यांच्या छापखान्यातला कंपोझिटर नेमू उपाध्ये पाच दिवसांपूर्वीच नाहीसा झाला होता. जायच्या आदल्या दिवशी चहाच्या गाड्यावर त्यानं मोठ्यानं म्हटलं होतं, "या खेपेला एकेकाचं छापतो बघा!" हे तो दर निवडणुकीला म्हणायचा. पण नाहीसा मात्र आत्ताच झाला होता. आणि तो नाहीसा झाल्याची बातमी 'करंजवाणी'त छापता येईना, कारण अक्षरं जुळवायला नेमूच नव्हता. छापली असती तर बातमी चारशे घरांत गेली असती. न छापल्यामुळे ती सगळ्या गावात गेली.

---

माझं दुखणं वेगळंच होतं. मला नोकरीत कायम करण्याची ऑर्डर टाईप होऊन जानेवारीपासून हायस्कूलच्या संस्थेचे चेअरमन रावजी अण्णा मगदूम यांच्याकडे सहीसाठी पडून होती. तीस एप्रिलपर्यंत सही झाली नाही, तर माझी नेमणूक आपोआप संपणार होती. विट्याच्या एका सज्जन गृहस्थांनी आपली मुलगी मला द्यायचं ठरवलं होतं, पण 'कायम झालात की कळवावे' असं पोस्टकार्डही टाकलं होतं. ते पोस्टकार्ड मी खिशात घेऊन हिंडत होतो.

अण्णा माणूस भारदस्त. पांढरा फेटा, पांढऱ्या मिशा, नगराध्यक्षपदाचे उमेदवार. मी गेलो की कागद हातात घ्यायचे, लांब धरायचे, जवळ धरायचे आणि म्हणायचे, "चष्मा घरी ऱ्हायला, मास्तर. वाचून सही करतो." एकदा तर चष्मा त्यांच्या कपाळावरच होता. मी तसं म्हटलं, तर म्हणाले, "ह्यो लांबचा हाय."

"तुमची जागा दुसऱ्याला कबूल झालीय," तात्यांनी मला छापखान्यात बसवून सांगितलं. "मंडळातल्या कुणाच्या तरी भाच्याला."

"कुठल्या मंडळातल्या?"

"तुम्हीच भाषणात फोडलंत आणि मलाच विचारता?"

मग तात्यांनी पुरावे मांडले. दर गुरुवारी, दुपारी तीन वाजता, गावातली पाचसहा बडी माणसं एकेक करून जुन्या कोंडवाड्याकडे जातात. कोंडवाडा बंद पडून सात वर्षं झाली, तिथे आता एक मोडकी खोली आणि गवत. दारावर तीन टकटका दिल्या की दार उघडतं. प्रत्येकाच्या हातात कापडी पिशवी आणि पिशवीत काहीतरी चौकोनी, सपाट. आतून सगळ्यांचा मिळून गुणगुणल्यासारखा आवाज येतो. आणि बाहेर पडताना त्यांच्या बोटांना पांढरी पूड लागलेली असते.

"पूड?" मी म्हटलं.

"भस्म!" तात्या म्हणाले. "विधी चालतात, विधी!"

त्या क्षणी माझ्या स्वतःच्या कोटाच्या बाहीवर कोपरापर्यंत पांढरी पूड होती. रोजच असायची. पण आपल्याच व्याख्यानाची बाधा झालेल्या माणसाला आपली बाही दिसत नाही. मला खरंच वाटायला लागलं, की माझं लग्न एका गुप्त मंडळानं अडवून धरलंय.

गुप्त मंडळ मोडून काढायला आम्ही पाच जणांनी एक समिती काढली. समितीत कोण कोण आहे ते कुणाला सांगायचं नाही, असं ठरलं, आणि त्यासाठी छापखान्याच्या मागच्या खोलीत, दार लावून, आम्ही बेलभंडार उचलला. बेलाचं पान किराणावाल्या पोपटशेठांच्या परसातलं, भंडारा तात्यांच्या स्वयंपाकघरातला.

"तात्या," मी भीत भीत म्हटलं, "अमेरिकेतही शेवटी असंच—"

"अमेरिका राहू द्या. उजव्या हातानं उचला."

---

गुरुवारी, सत्तावीस तारखेला, आम्ही कोंडवाड्याच्या पडक्या भिंतीमागे उकिडवे बसलो. ऊन मी म्हणत होतं. पोपटशेठांनी छत्री उघडली, तात्यांनी ती मिटायला लावली.

तीनला पाच कमी असताना अण्णा आले. काखेत पिशवी. इकडेतिकडे बघून त्यांनी दारावर तीन टकटका दिल्या आणि ते आत गेले. मागून आणखी तिघे. आणि सगळ्यांत शेवटी, टोपी डोळ्यांवर ओढून, लाकडाच्या वखारीचे मालक इस्माईलचाचा मुजावर.

पोपटशेठांच्या हातून छत्रीच सुटली. चाचा म्हणजे अण्णांच्या विरुद्ध उभे असलेले उमेदवार! त्या सकाळीच भर चौकात चाचांनी अण्णांना म्हातारा नाग म्हटलं होतं आणि अण्णांनी चाचांना लाकूडचोर.

"दोघं एकच!" तात्या कुजबुजले. त्यांचा चेहरा इतका उजळला होता, की मला त्यांचा हेवा वाटला. "मास्तर, तुम्ही आत जा."

"मी?"

"या विषयातले तज्ज्ञ तुम्ही. शिवाय नोकरी तुमची जातेय."

ते मात्र खरं होतं. तीस तारीख रविवारी होती. मी उठलो, धोतराला चिकटलेली कुसळं झटकली आणि दारावर तीन टकटका दिल्या.

दार उघडलं शिंगेबाईंनी.

नगरपालिकेच्या मुलींच्या शाळेतून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या शिंगेबाई. हातात फूटपट्टी. मला पाहून त्यांनी पट्टीनंच आत यायची खूण केली आणि दाराला कडी घातली.

आत गोणपाटावर पाच माणसं मांडी घालून बसली होती. प्रत्येकाच्या मांडीवर पाटी. भिंतीला फळा टेकवलेला, त्यावर खडूनं घोटून घोटून काढलेली जोडाक्षरं. चाचांनी मला पाहून आपली पाटी पोटाशी धरली. आणि पहिल्या रांगेत आमच्या संस्थेचे चेअरमन, चष्मा नाकावर, एका कागदावर बोट ठेवून बसले होते. टाईप केलेला कागद मी लांबूनच ओळखला. तो माझा होता.

अण्णाच म्हणाले, "बसा मास्तर. तुमचंच चाललंय."

"सही येते सगळ्यांना," शिंगेबाई शांतपणे म्हणाल्या. "वाचायला येत नाही. चारचौघांत शिकायची लाज वाटते, म्हणून इथे येतात. पाच वर्षांच्या मुलींना मी जे शिकवलं तेच यांना शिकवते. मुली लवकर शिकायच्या."

"पण अण्णा," माझा आवाज चिरकला, "नुसती सहीच तर हवी होती! ती तर जानेवारीतच—"

अण्णांनी चष्मा काढला. "चौसष्ट साली एक जण कागद घिऊन आला. म्हणला, पाण्याच्या टाकीचा अर्ज हाय, पैली सही तुमची पायजे. केली. कलेक्टरकडं गेल्यावर कळलं, अर्ज 'मगदूम हटवा' आसा हुता. पैली सही माजीच."

मला ती गोष्ट माहीत होती. गावानं त्या सहीला विरोधकांची हवा काढणारा अण्णांचा सगळ्यांत मोठा डाव मानलं होतं, आणि तात्यांनी 'केवढे हे मन!' असा अग्रलेख लिहिला होता.

"तवापास्नं शपथ घेतली. सोता वाचल्याबिगर सही न्हाई. बाईंना म्हटलं, मला कमळ-बदक नगं. मास्तरांचा कागद शिकवा. खोळंबलाय बिचारा."

माझ्या कागदाच्या ज्या टाळाटाळीला मी डाव समजत होतो ती त्यांची चार महिन्यांची शिकवणी होती. मला लाज वाटली, आणि लगेच त्या लाजेवर पोस्टकार्डानं मात केली.

"किती राहिलंय?"

"दोन ओळी," बाई म्हणाल्या. "पुढच्या गुरुवारी होईल."

"पुढच्या गुरुवारी मी नोकरीत नसेन! अण्णा, द्या इकडे, मी वाचून दाखवतो."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. "त्यानं बी वाचूनच दावलं हुतं, मास्तर."

मी चाचांशेजारी गोणपाटावर बसलो.

बाहेर भिंतीपाशी आवाज वाढत होते. पाच जणांची गुप्त समिती आता चाळीसेक माणसांची झाली होती. कुणीतरी "दार उघडा!" म्हणून ओरडलं. बाईंनी तिकडे पाहिलंही नाही. त्यांनी कागदावर पट्टी टेकवली. "रावजी, इथून. घाई करायची नाही."

"श्री… नि… वा… स," अण्णांनी सुरुवात केली. कपाळावरून घाम ओघळत होता. "गो… विं… द. व… से… कर. यां… ना. दि…"

"दिनांक," चाचा पुटपुटले.

बाईंनी पट्टी आपटली. "मुजावर! दुसऱ्याला सांगायचं नाही."

"सांगिटलं नाय बाई, तोंडातून गेलं."

"शिक्षक" पाशी अण्णा अडले. दारावर धक्के बसू लागले. मला तो शब्द माहीत होता, माझ्या आयुष्यात दुसरं होतंच काय, आणि मी दातांखाली जीभ धरून बसलो होतो. अण्णांनी फळ्याकडे पाहिलं, परत कागदाकडे पाहिलं, बोटानं अक्षर हवेत गिरवलं. "शि… क्ष… क. शिक्षक. या प-दा-वर. का… य… म. कायम कर… ण्या… त ये… त आहे."

ते थांबले. पुन्हा एकदा, मनातल्या मनात, ओठ हलवत त्यांनी ती ओळ वाचली. मग मान वर करून म्हणाले, "मास्तर, ह्यात तर चांगलंच लिवलंय की! चार म्हैने उगंच भ्यालो."

त्यांनी खिशातून पेन काढलं आणि मांडीवरच्या पाटीवर कागद ठेवून सही केली. माझे डोळे भरून आले, ते मी लपवलं नाही.

"आता बाहेर जाऊन काय सांगाल?" बाईंनी विचारलं. पाचही माणसं माझ्याकडे बघत होती. एरवी मी ज्यांच्यापुढे हात बांधून उभा राहायचो ती माणसं, पाट्या पोटाशी धरून.

मी विचार केला. खोटं मला येत नव्हतं. पण करंजपुरात मला तीन वर्षं झाली होती.

"खरं सांगतो," मी म्हटलं आणि कडी काढली.

---

"काय आहे आत?" तात्यांनी मला धरलं. चाळीस माणसं श्वास रोखून उभी होती.

"शाळा भरलीय," मी म्हणालो. "अण्णा आणि चाचा शेजारी शेजारी बसून धडे गिरवतायत. शिंगेबाई शिकवतायत."

तात्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू ते समजूतदार हसू पसरलं.

"शाळा!" ते गर्दीकडे वळले. "ऐकलंत? अण्णा आणि चाचा, दोघांची एकच शाळा! एकमेकांना धडे देतायत! मास्तर, मानलं तुम्हाला. एका वाक्यात सगळं सांगितलंत आणि नाव कशाचंच घेतलं नाहीत!"

"अहो, खरंच शाळा—"

"कळलं, कळलं." पोपटशेठांनी मला डोळा घातला. "आम्ही पण शाळेत गेलोय मास्तर."

आता दार फोडायची कुणाला गरजच उरली नाही, कारण आत काय आहे ते सगळ्यांना कळलं होतं. तेवढ्यात समोरच्या थांब्यावर मिरजेची एस.टी. थांबली आणि तीतून, अगदी सावकाश, काखेत उशी घेऊन, नेमू कंपोझिटर उतरला.

पोपटशेठ किंचाळले. तात्यांनी धावत जाऊन नेमूला चाचपून पाहिलं. "सोडला! आपल्या दणक्यानं सोडून दिला त्यांनी! नेम्या, कुठे ठेवलं होतं तुला?"

"कुठं न्हाई. कामानं गेलो हुतो," नेमू इकडेतिकडे बघत म्हणाला.

"घाबरू नकोस. बस इथे आणि सांग."

"बसत न्हाई तात्या. उभाच बरा हाय."

"बघा!" तात्या हळहळले. "बसायची सुद्धा बंदी केलीय त्याला."

नेमूनं पुढे मला एकट्याला सांगितलं. त्याला मूळव्याधीचं ऑपरेशन करून घ्यायचं होतं आणि ते गावाला कळलं असतं तर जन्मभराचं नाव पडलं असतं. गुप्त मंडळानं पळवलं, हे त्याला त्या मानानं पुष्कळ अब्रूचं वाटलं. त्यानं ते कधीच नाकारलं नाही.

इतकी वर्षं हे सांगितलं नाही ते एवढ्याचसाठी, की शिंगेबाईंनी त्या संध्याकाळी मलाही शपथ घातली होती. शेवटचा विद्यार्थी असेपर्यंत बोलायचं नाही. शेवटचे इस्माईलचाचा होते आणि ते गेल्या श्रावणात गेले. त्या एप्रिलपासून पुढची अकरा वर्षं दर गुरुवारी मी कोंडवाड्यात जोडाक्षरं शिकवली. त्या काळात नगरपालिकेतला एकही कागद न वाचता सही होऊन बाहेर पडला नाही. गावाचा कारभार एक गुप्त मंडळ चालवतं, हे तात्यांचं म्हणणं अगदी शंभर टक्के खरं होतं.

पण सांगायचं आहे ते पंधरा ऑगस्टचं. निवडणुकीत चाचा एकसष्ट मतांनी निवडून आले होते. झेंडा झाला आणि नवे नगराध्यक्ष हातात कागद घेऊन भाषण वाचायला उभे राहिले. बोट ओळीखाली ठेवून ते नीट वाचत होते. मग एका शब्दापाशी अडले. "आपण सर्व… क… कर…" चाचांनी बोट पुन्हा शब्दाच्या सुरुवातीला नेलं. मी मुठी आवळून बसलो होतो.

पहिल्या रांगेत, पडलेले उमेदवार अण्णा मगदूम बसले होते. ते समोर बघत, मिशीतल्या मिशीत म्हणाले, "कर्तव्य. कर्तव्य-दक्ष."

"कर्तव्यदक्ष!" चाचांनी शब्द उचलला आणि पुढचं सगळं भाषण एका दमात वाचून काढलं. बायकांच्या रांगेत फूटपट्टी खुर्चीच्या हातावर आपटल्याचा आवाज आला.

तात्यांनी मला कोपरानं ढोसलं. "बघितलंत? हरलेला माणूस जिंकलेल्याला भाषण सांगतोय! मंडळ अजून आहे, मास्तर."

"आहे," मी म्हणालो. "आणि मी पण त्यात आहे."

तात्या टाळी देऊन इतके हसले, की पुढच्या रांगेनं वळून पाहिलं. मग डोळे पुसत त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

"वा, मास्तर!" ते म्हणाले. "आता तुम्ही खरे करंजपूरचे झालात."